मावशी विमान शिकते

आमच्या तिसगावात सायकल न येणारी माणसं पुष्कळ होती, पण सायकल येत नसताना विमान शिकायला निघालेली माझी मावशी एकटीच. नव्वदच्या दशकात सरकारी दवाखान्यातली ही चाळिशीची नर्स पुण्याकडच्या एका फ्लाइंग क्लबात नाव घालून आली. लग्न केलं नव्हतं, सोन्याची हौस नव्हती. पगारातून उरेल ते विमानात जायचं. पण उरायचं इतकं कमी, की दोन-तीन महिन्यांतून एकदाच जेमतेम अर्धा तास विमान मिळायचं. मधल्या काळात विसरायला नको म्हणून ती घरी सराव करायची. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, हातात लाटणं धरून, पायांनी दोन विटा दाबत ती रोज सकाळी विमान उतरवायची, आणि तेवढ्यात कुणी चहा मागितला तर "थांब, धावपट्टी आलीया" म्हणायची. एकदा एसटीने करंजी घाट उतरताना तिने पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला नाक जरा वर घ्यायला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, ही यष्टी हाय. हिला नाक न्हाई."

एवढं करूनही दर खेपेला गाडी पहिल्या धड्यावरच यायची. तिचे शिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ होते. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकायला येत नाही, आठवायला येता. असे थोडेथोडे पैसे घालवू नका. साठवा, आणि मग आठवड्यातून तीनदा या."

हे तिला इतकं लागलं, की वर्ष-दीड वर्ष ती तिकडे फिरकली नाही. मग साठवलेले पैसे आणि साठवलेली रजा घेऊन पुण्याला माझ्या खोलीवर येऊन राहिली. दिवसाआड उडायला लागली आणि खरंच, हात बसला. एका सकाळी शिक्षक विमानातून खाली उतरले, दार लावलं आणि तिला एकटीलाच जायला सांगितलं. मी कुंपणाशी उभा होतो. विमान वर गेलं, वळलं, टेकडीमागे दिसेनासं झालं. परतल्यावर चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली आणि मग बसली. शिक्षक म्हणाले, "एका पैशात दोनदा उतरल्या."

पैसे तिथेच संपले. परवाना पुढे झालाच नाही; मावशी दवाखान्यात परत गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. मागे एकदा मी विचारलं, वर एकटीला कसं वाटलं होतं. ती मेथी निवडत होती.

"लई बरं वाटलं. 'सिस्टर, जरा बघता का' म्हनायला कुनीच नव्हतं," ती म्हणाली. "पन अर्ध्या वाटंत करमंना. मंग आले खाली."