फरशीखालचा तट्टा

फरशी किती टिकणार हे तिच्याखाली काय घातलं आहे यावर ठरतं. खाली मुरूम हवा, पाणी मारून धुम्मसाने चोपलेला, आणि एक पावसाळा त्याला बसू द्यायला हवा. चांद्याच्या आमच्या घरात यातलं काहीच झालं नाही. थोरल्या भावाचं लग्न तोंडावर आलं होतं. आमच्याकडे कुडाच्या भिंती बांबूच्या, कुंपण बांबूचं. भिंतीत टिकतो तो जमिनीतही टिकेल, असा वडिलांचा हिशेब. त्यांनी भुसभुशीत मातीवर बांबूचा तट्टा अंथरला, वर चार बोटं रेती टाकली आणि फरशी बसवून घेतली.

दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या फरशा हलू लागल्या. चूल, घागर आणि जातं यांच्यामध्ये दिवसभर वहिनीचीच ये-जा. पाऊल पडलं की खड् असा आवाज.

ओसरीतल्या खाटेवरून वडील ओरडायचे, "काऊन वो सुनबाई, हत्तीवाणी पाय टाकून राह्यली? बापाच्या घरी फरशी पाह्यलीच नाई का?"

"फरशीच हालते, मामाजी."

"मंग माह्या खाटेखालची काऊन नाई हालत?"

दिवसभर खाटेवर बसणाऱ्याच्या फरशीला झीज कसली? पण हे त्यांना कुणी म्हटलं नाही. वहिनी जेवताना भात घ्यायला उठली, तरी फरशी वाजायची. "आता कायले उठली? पोट हाये का कणगी?" ओसरीतून यायचं.

तिने न वाजणाऱ्या फरशा हेरल्या. त्या भिंतीलगत होत्या. कमरेवर घागर घेऊन, भिंतीला खांदा घासत ती कडेकडेने चालू लागली. दुसऱ्यांदा भात घेणं तिने सोडलं.

मग एका सकाळी ओसरीतली फरशी खचली, खाटेचा पाय आत गेला आणि वडील आडवे झाले. गवंड्याने फरशी उचलली. खाली तट्टा नव्हताच. वाळवीने खाल्लेला भुसा होता आणि पोकळी.

"भाऊ, साऱ्या घराखाली हेच असन," तो म्हणाला.

वहिनी दारात उभी होती. दोष तिच्या पावलांचा नव्हता, हे सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. कधी नव्हे ते ती फरशीच्या मधोमध चालत गेली आणि गवंड्याला पाणी देऊन आली.

ओसरी, माजघर उकरून मुरूम चोपला. गवंडी स्वयंपाकघराकडे वळला तसे वडील म्हणाले, "थे राहू दे. वाजते थेच बरं हाये. बाई कवा उठते, कवा बसते, समजते."

गवंडी हसला. माझा भाऊही हसला. वहिनीने रिकामा लोटा उचलला आणि भिंतीच्या कडेने आत गेली.

ओसरीची फरशी आजही सूतभर हललेली नाही. वडील गेल्यावर स्वयंपाकघरही पक्कं करून घेतलं. तिथे आता कितीही पाय आपटा, आवाज येत नाही. दर दिवाळीला मी भिंतीला चुना देतो. दोन महिन्यांत वहिनीच्या खांद्याच्या उंचीवर तो पुन्हा घासून गेलेला असतो.