नवव्या नावानंतर

राजूरच्या निकितानं वडिलांच्या जीपसाठी मोबाईल ॲप करायला घेतलं, तेव्हा स्टँडावरचे ड्रायव्हर खो खो हसले. अहो, जी जीप भरल्याशिवाय जागची हलत नाही, तिचं बुकिंग कसलं करता! पण पोरगी हट्टी. आबासाहेबांचीच लेक ती.

तिनं एडिटरमध्ये ऑटोकम्प्लीट लावलं. दोन अक्षरं टाकायची, उरलेला कोड यादीतून उचलायचा. तेवढीच बोटांना सुटका. जीप नऊ सीटची, म्हणून ॲप तपासायला तिनं रोजच्या नऊ प्रवाशांची नावं टाकली. नववं संपलं, कर्सर खाली आला, आणि काही न टाकताच यादी उघडली. आत एकच नाव: रंगुबाई.

ही कोण बया? तिनं सगळ्या फायली धुंडाळल्या. कुठंच नाही. शब्द सुचवायचं एकेक सेटिंग बंद केलं, शेवटी एडिटरच काढून पुन्हा टाकला. नववं नाव संपलं की रंगुबाई हजर!

जेवायला आलेल्या वडिलांना तिनं स्क्रीन दाखवली. आबासाहेबांचा घास हातातच राहिला.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, आबा. हे आपोआप येतंय."

बारा वर्षं पोटात ठेवलेलं मग बाहेर पडलं. बाजारचा दिवस, आषाढातली झड, जीप खचाखच. घाटातल्या वळणावर म्हाताऱ्या रंगुबाईनं हात केला. "मागच्या गाडीनं ये," म्हणून ते निघून आले. मागं गाडीच नव्हती, आणि ते त्यांना ठाऊक होतं. सकाळी म्हातारी ओढ्यात सापडली.

"चौदा बसवले हुते मी. पंधरावी जड झाली व्हय मला?" म्हणत ते हमसून हमसून रडले. बापाला रडताना निकितानं कधी बघितलं नव्हतं.

ती नाव गाळायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरला. "काडू नको. मला घिऊ दे तिला." एका बोटानं त्यांनी एंटर दाबलं. यादी मिटली.

तरी त्यांना राहवेना. रिकामी जीप घेऊन बापलेक त्या वळणावर गेले. लख्ख ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आबासाहेबांनी उतरून मागचं दार उघडलं आणि हात जोडले. "चल मावशे. चुकलो मी."

पुढं बसलेली निकिता आरशात बघत होती. मागं कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, दार लावायला हात पुढं केला, आणि दार आतून कुणीतरी ओढून घेतलं.