पॅनलखालची सावली

"तुम्हाला कसलं ऊन लागतं? जन्म उन्हातच गेलाय तुमचा. ऊठ!"

साहेबानं बुटाच्या टोकानं माया पाठीले ढोसलं. भाकर खात होती मी, पॅनलच्या सावलीत. उठली. उनात जाऊन बसली न् तिथंच खाल्ली.  बाकीच्या बाया खाली पाहून राह्यल्या होत्या.

नाचणगावच्या पुढं माळावर हे सोलरचे पॅनल हायेत. नजर जाते तथपर्यंत काच. आमी बाया पहाटं ते धुवाच्या. दिवस वर आला का धुनं बंद. तापल्या काचेवर पानी पडलं का तडा जाते म्हने. मंग उन्हाळ्यात दुपारभर आमी वाळलं गवत काढाचं, आग लागू नये म्हून. काचेची येवढी काळजी! आमाले तडा जात नाई का जी?

मागच्या नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ आगीच्या दिवसात, माया जाऊले, कांताले, ऊन लागली. अंगाचा घाम अटला. काहीबाही बडबडाले लागली न् धपकन पडली. मी तिले ओढत पॅनलखाली नेलं. साहेब एसीच्या केबिनातून दारात आला न् तथूनच वरडला, "बाहेर काढा तिला! खाली वायर आहेत."

 मी कांताचं डोकं मांडीवर घेतलं न् म्हनलं, "नाई काढत. काय करतं ते कर."

धुवाच्या टँकरचा पाइप ओढून तिच्या अंगावर सोडला. कांता वाचली. पन आता चुलीपाशी बसली तरी तिले घेरी येते. लेकराचं नाव पुसलं तर इचारात पडते.

शाळेत गुरुजी सांगत, सूर्याचा उजेड इथं याले आठ मिनिटं लागते, न् तो कोनाले कमीजास्त देत नाई. खरं हाय. सूर्य साऱ्याइवर सारखाच तपते. सावली मातर साहेबाची.

यंदा होळीपासूनच तपून राह्यलं. झाडाखाली पाखरं मरून पडतेत. नवतपा तर अजून लागाचाच हाय. ठेकेदाराचा जमादार काल घरी आलता. म्हने, "उद्यापासून गवत काढाले येजा."

बाया माया ओट्यावर जमल्या होत्या. कांता बी.

मी म्हनलं, "येऊ. पन दुपारी काचेले सुट्टी, तं आमाले बी सुट्टी. ऊन चढली का साऱ्या पॅनलखाली. तुया साहेबाले सांगजो, उठवाले खुशाल ये म्हना. पन उनात उभा राहून बोल. आमी सावलीत बसून ऐकू, त्याचा घाम अटेपर्यंत."