दाखल्यांच्या टेबलामागची खुर्ची

रत्नागिरीतल्या एका कचेरीत दाखले देणारा कारकून आहे. त्याच्याकडे सगळ्यावर एकच उत्तर असतं. बाक मोडलाय, ॲडजस्ट करा. चौथी खेप आहे, ॲडजस्ट करा. आणि वर गोड हसणं.

परवा तो चहाला गेला होता. रांगेतल्या मासेवाल्या म्हातारीला घेरी आली, म्हणून मी तिला त्याच्या खुर्चीत बसवलं. तो परत आला आणि म्हणाला, "उठा."

"वायच ॲडजस्ट कर रे बाबा," ती म्हणाली.

तो हसला नाही. ती उठेपर्यंत नुसता उभा राहिला. मग त्याने ती खुर्ची फडक्याने दोनदा पुसली, तिच्यासमोरच.

रांगेत आम्ही वीसेक जण होतो. सगळ्यांनी ॲडजस्ट केलं. मीसुद्धा.