ओठांनी बोलणारी ठकी

बालवाडीच्या खेळण्यांच्या कोठीत ठकी पाऊण तास अडकली होती. बाई आणि मदतनीस तिला हाका मारत अंगण, जिना, मागचं फाटक, सगळं पालथं घालून आल्या. बाईंनी पाण्याच्या टाकीतही वाकून बघितलं. शेवटी मदतनीस चेंडू ठेवायला कोठीशी गेली, तर दाराला नाक लावून ठकी उभी. घामानं निथळलेली. रडलेली नव्हती. रडायला तिला येत होतं, गल्ली गोळा करण्याइतकं येत होतं. पण ती रडत नव्हती, बोलावत होती. ओठ भराभर हलत होते आणि आवाज शून्य.

आई कापडाच्या मागावरून तशीच धावत आली. केसांत, भुवयांत कापसाचं तूस.

"मी चार पावलांवर होते हो!" बाईंचा स्वर चिरकला. "एक हाक मारली असती हिनं तर! तीन महिने झाले, शब्द नाही."

"घरी तोंडाला खळ नसते तिच्या!"

"मग इथं काय होतं? हे बघा, रागावू नका. वीस मुलं आणि आम्ही दोघी. उद्या टाकीत पडली तर कळणार कसं मला? महिनाअखेरपर्यंत बघते. हाकेला ओ द्यायला लागली तर ठीक. नाहीतर नाही ठेवून घेता येणार मला."

आई कामावर असताना ठकीला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. आजी होती, पण चाळीस वर्षं माग चालवून तिचे कान पार गेलेले. बाप जहाजावर, दीड वर्षापूर्वी येऊन गेला होता. फोनवर लेकीचं तोंड हलताना बघून तो दर वेळी एकच सांगायचा, "त्या फोनचा आवाज गेलाय गं, दुरुस्त करून घे."

मागाच्या शेडमध्ये दीडशे माग एकदम खडखडतात. तिथं कुणी घसा फोडत नाही. बायका ओठ मोठे करून बोलतात आणि समोरची ओठ वाचते. सासूची चुगली, मुकादमाची टिंगल, गर्भारपणाची बातमी, सगळं तीस फुटांवरून, आवाजाशिवाय. ती सवय घरी यायची. घर शेडला लागूनच, दिवसभर भिंत थरथरायची. आजी आणि आई, दोघी मायलेकी, एकमेकींशी तशाच बोलायच्या आणि ठकी तान्ही असल्यापासून तिच्याशीही.

कानाच्या डॉक्टरांनी ठकीला तपासलं. कान उत्तम, घसा उत्तम.

"घरी बोलते ना? मग आता बोल म्हणावं."

ठकीनं डॉक्टरांकडे निरखून बघितलं आणि ओठ हलवले. आईला हसू आवरेना. "अय्या, काय बोलते बघा! म्हणते, काकांच्या नाकात गवत आहे."

"कधी म्हणाली?"

"आत्ता नाही का, तुमच्या देखत!"

डॉक्टर थांबले. मग त्यांनी टेबलावरचा कागद उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"काय म्हणालात?" आई पुढं झुकली. "कागद काढा ना बाजूला."

त्यांनी कागद काढला आणि सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाले, "मी विचारलं, तुमचे कान कधी तपासलेत?"

अर्ध्या तासात सगळं उघडं पडलं. आईचे स्वतःचे कान निम्म्याहून जास्त गेले होते. आणि लेकीनं ठरवून टाकलं होतं, की बाहेरची माणसं आवाज करतात, पण आपल्या माणसांचं बोलणं असं असतं.

"म्हणजे धडधाकट पोर मी मुकी केली?"

"शिकवलं तसं शिकली. आता आवाजानं शिकवा."

सांगायला काय जातं! घरी येऊन तिनं ठकीला समोर बसवलं आणि ओरडली, "म्हण, आई!" ठकी दचकून आजीच्या मागं लपली. त्या घरात आवाज फक्त भांडणाला चढायचा. पदराआडून तिचे ओठ हलले, 'मी काय केलं?'

"काही नाही केलंस गं सोने! म्हण ना!"

आजीनं हात झटकले. 'मला कळतंय की तिचं सगळं. कशाला छळतेस?' हेही ओठांनीच.

"तू मेल्यावर कुणाला कळणार?" आई ओरडली आणि लगेच जीभ चावली. आजीनं ते नेमकं वाचलं होतं.

दिवस सरत होते. खाऊ दाखवून झाला, खेळणं लपवून झालं, एकदा धपाटाही बसला. ठकी रडली, खणखणीत रडली, आणि पुन्हा ओठांवर आली. शेडमधल्या बायका म्हणायच्या, आमची कार्टी कुठं ऐकतात आमचं? आईला मागावर उभ्या उभ्या हुंदका यायचा. माझीनं तर सगळं ऐकलं. न ऐकू येणारंसुद्धा.

महिना संपायला दोन दिवस उरले. सुट्टीची दुपार, शेड बंद. आजी झोपली होती. आई ठकीसमोर जमिनीवर बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

ठकीनं हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. आईनं डोळे उघडले नाहीत. छोट्या बोटांनी पापण्या वर ओढल्या, आईनं त्या घट्ट आवळल्या. गुडघ्यावर चापट्या बसल्या. केस ओढले गेले. आईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. 'उघड, उघड,' असंच ती म्हणत असणार, हे न बघता कळत होतं. मग हात सुटले. अंधारात ठकी कुठं आहे तेही कळेना. किती वेळ गेला कोण जाणे, आता उघडावेच असं तिनं ठरवलं, तेवढ्यात कुणीतरी खांद्याला धरून गदागदा हलवलं. माडीवरच्या शिंपीणकाकू.

"अगं बये, पोर केव्हाची आई आई करून टाहो फोडतेय! मी मशीन थांबवून खाली आले. बहिरी आहेस का?"

तिनं काकूंचे ओठ वाचले. पुन्हा वाचले.

"हो काकू. बहिरीच आहे."

काकू वरमल्या. "तसं नाही गं, आपलं बोलायची पद्धत..."

"कसा आहे?"

"काय कसा?"

"आवाज, काकू. कसा आहे हिचा?"

"फाटका आहे. कावळीण बरी." काकूंनी नाक मुरडलं आणि तिचा चेहरा बघून घाईनं जोडलं, "पण मोठा आहे हो. बंद दारातून वर आला की."

ठकी कोपऱ्यात पाठ करून बसली होती. आई सरकत तिच्यापाशी गेली. ठकीनं वळून ओठांनी विचारलं, 'ऐकलं का नाहीस?'

"मला नीट ऐकू येत नाही, ठके," आई आवाजानं म्हणाली. आजच्या आधी तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, शेडमध्येही नाही. "बाकी सगळ्यांना येतं. तू हाक मारायची. मी नाही आले तरी कुणीतरी येईल. काकू आल्या की नाही?"

ठकीनं काकूंकडे बघितलं, मग आईच्या कानाकडे. ती उठली, दोन्ही हातांनी तो कान धरला आणि तोंड लावून ओरडली. आईला गरम श्वास लागला, आणि त्या श्वासाच्या आत कुठंतरी, फार लांब, काहीतरी बारीक आणि फाटकं.

"पुन्हा," ती म्हणाली.