उभे वायपर

निसर्गापुढे माणूस क्षुद्र असतो, हे उत्तरेतल्या या विशाल सरोवराकाठी रोज कळते. निदान टीव्हीवरचा हवामानवाला रोज संध्याकाळी तसे बजावतो. त्या दिवशी त्याने हाडे गोठवणारी थंडी आणि हिमवादळ जाहीर केले. मी परदेशी ज्या मुलीकडे बाळंतपणासाठी आलो होतो, तिचे दिवस भरले होते आणि दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी काळजीने खिडकीशी उभा राहिलो.

बाहेर शेजारचे म्हातारे गृहस्थ रस्त्यावरच्या एकेका गाडीचे वायपर काचेवरून उचलून उभे करत होते, बर्फाने काचेला चिकटू नयेत म्हणून. आमच्याही गाडीचे केले.

"यांच्याशी तुमचं भांडण आहे ना?" मी मुलीला विचारले.

"आहे की. मागच्या हिवाळ्यात आपला बर्फ त्यांच्या दारात लोटला गेला. तेव्हापासून बोलत नाहीत, बाबा. वायपर मात्र उचलतात."

अंदाज खरा ठरेल की नाही, याचे मला काही वाटेनासे झाले. तो ऐकून कोणाला तरी आमची गाडी आठवली होती. मी काचेआडून हात जोडले. त्यांनी पाहिले नाही.

वादळ सरोवराच्या पलीकडच्या काठावर गेले. सकाळी लख्ख उन्हात आम्ही दवाखान्यात पोहोचलो, नात झाली, आणि वायपर खाली घ्यायचे राहूनच गेले.