खंडेनवमीला धुतलेला कॉम्प्युटर

मी राहते नेऱ्याला भाड्याच्या खोलीत, नोकरी हिंजवडीला. घरमालकीण मावशींचं माहेर पौडच्या पुढे, धरणाकडेच्या एका वाडीत. तिथे रेंज औषधाला नाही. फोन लावायचा तर टेकडी चढायची, आणि वर जाऊनही लागला तर नशीब.

मावशींची भावजय बाहेरून बारावीला बसली होती. मी तिला वहिनीच म्हणते. वाडीत अंगणवाडी सेविकेची जागा निघणार होती आणि बारावी पास नसेल तर अर्जच घेत नाहीत. पुस्तकं होती, समजावून सांगणारं कुणी नव्हतं. सगळे धडे इंटरनेटवर आणि इंटरनेट टेकडीवर! माझं डोकंच फिरलं. ऑफिसात भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर रीतसर मागून घेतला, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि ज्यांची प्रत कुणालाही देता येते असे धडे, शब्दकोश, ज्ञानकोश नेऱ्यातच उतरवून त्यात भरले. नेट लागायचं कामच नाही.

वाडीत नेऊन जोडला, तर वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, फुकट हाय म्हंजी चोरीचं न्हाई ना?"

"नाही हो. बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय, वापरा आणि दुसऱ्यालाही द्या."

"आन् बिघडलं तर?"

"परत टाकू. कुणाची परवानगी नको."

त्यांच्या सासूबाईंना मात्र ही सगळी थेरं वाटायची. "दोन पोरांची आय झाली, आता कसलं शिकतीया! त्या डबड्याम्होरं बसून भात लावून व्हतो व्हय?" हे माझ्या तोंडावर. मीही गप्प बसणारी नाही. "आजी, सून सेविका झाली की वाडीभर तुम्हीच मिरवाल," म्हटलं. त्यांनी नाक मुरडलं.

दसऱ्याला मावशींबरोबर गेले, तर वहिनी दारातच रडवेल्या. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्या शेतावर गेल्या असताना आजींनी कॉम्प्युटर धुतला होता. अंगणात नेऊन, नांगराच्या फाळाशेजारी ठेवून, तांब्याने पाणी ओतून, घासून! आज सकाळी वहिनींनी वायर जोडली, फट् आवाज झाला आणि संपलं.

अरे देवा! म्हातारीला आज सोडायची नाही, असं ठरवूनच मी पडवीत शिरले. तिथे फाळ, कोयते, विळे, कुऱ्हाड ओळीने मांडलेलं, आणि मधोमध आमचा कॉम्प्युटर. त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढ्यात गुळाचा खडा. आजी भिंतीला टेकून बसलेल्या, तोंड एवढंसं झालेलं.

"तिचं हत्यारच हाय ना ते? मंग धुवाया नगं व्हय?" एवढंच म्हणाल्या.

वहिनींनी मला बाजूला ओढलं. "ताई, आत्यास्नी काय बोलू नगा. इतक्या वर्सांत पैल्यांदा माझं काय तरी पुजंला घेतलंया त्यांनी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगायचं तर मलाच रडू आलं.

पुढच्या शनिवारी ऑफिसातलं दुसरं भंगार नेलं. पेनड्राइव्हवर सगळं होतंच. जेवणं होईपर्यंत कॉम्प्युटर तयार, आणि वहिनी अडलेल्या धड्यापासून पुढे सुरू. आजी लांबून बघत होत्या, हात पदरात गुंडाळून.

बारावीचा निकाल मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून पाहिला. वाडीत फोन लागेना, म्हणून शनिवारपर्यंत तो पोटातच ठेवावा लागला. गेले तर दारात आजीच उभ्या, मागे वहिनी.

"काय झालं गं?"

"पास झाल्या!"

आजी आत गेल्या, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. आधी सुनेच्या कपाळाला बोट टेकवलं, मग कॉम्प्युटरकडे वळल्या. मी पुढे झाले तशा म्हणाल्या, "पानी न्हाई लावत, भिऊ नगंस."